दोन मिनिटांचं बिल्ड

माझ्या घरात तेव्हा दोन यंत्रं होती आणि बॅटरी एक. एका यंत्रावर माझं पोट चालायचं आणि दुसऱ्यावर बाबांचा श्वास.

शहापूरला आमचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत खिडकीशी माझा कॉम्प्युटर. आतल्या खोलीत बाबांची खाट आणि खाटेला लागून गुडघ्याएवढ्या उंचीचं, पांढरं ऑक्सिजनचं मशीन. हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून ते नळीने नाकात सोडायचं. आयुष्यभर ओढलेल्या बिड्यांनी बाबांची फुप्फुसं पार निकामी केली होती. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, झोपेचे धरून दिवसाचे पंधरा-सोळा तास मशीन लागलंच पाहिजे, त्यात काटकसर चालणार नाही. आई आधीच गेली होती. मी मुंबईची नोकरी सोडायला निघाले तेव्हा आमचे साहेब म्हणाले, सोडू नका, घरून करा. मी कॉम्प्युटर टेम्पोत घालून शहापूरला आणला. लोकांना वाटलं, पोरगी टीव्ही घेऊन आली.

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडे लाईट रोज दोनदा ठरवून जायची आणि शिवाय न ठरवता केव्हाही. मुंबईत मात्र दिवे जात नसत. बाबा उभं आयुष्य भातसानगरला, मुंबईला पाणी देणाऱ्या धरणावर ऑपरेटर होते. त्यांना याचं हसू यायचं. "पाणी आमचं, उजेड त्यांचा," म्हणायचे. मला हसू येत नसे. मला वीज मंडळाच्या ऑफिसात जाऊन टेबल उलथावंसं वाटायचं. एकदा गेलेही होते, पण तिथेही लाईट नव्हती आणि माणूसही नव्हता.

तर इन्व्हर्टर घेतला. लाईट गेली की तो टूं करून चालू व्हायचा आणि त्याच्यावर दोन्ही यंत्रं चालायची, पण बॅटरी लाईट परत येईपर्यंत पुरायची नाही. म्हणजे लाईट नसताना मी कॉम्प्युटर लावला की मी बाबांच्या वाटणीतलं खात होते. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि एक क्षणही विसरता येत नव्हतं.

माझं काम काय, ते थोडक्यात सांगते. आम्ही दवाखान्यांसाठी एक मोठं सॉफ्टवेअर लिहीत होतो. माणसाने लिहिलेल्या शेकडो फायलींचा चालणारा प्रोग्राम करायचा म्हणजे ते सगळं भाषांतरित करायचं, एकमेकांना जोडायचं, तपासायचं, बांधायचं. या सगळ्याला बिल्ड म्हणतात. एक ओळ बदलली तरी बिल्ड केल्याशिवाय ती बरोबर की चूक ते कळत नाही. आणि आमचं बिल्ड माझ्या कॉम्प्युटरवर पाऊण तास घ्यायचं. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून पुन्हा डाळ धुण्यापासून सुरुवात करायची, तसा प्रकार. ऑफिसात याचं कुणाला काही वाटत नसे. बिल्ड लावायचं आणि चहाला जायचं. तिथे लाईट जात नव्हती ना.

लाईट नसताना पाऊण तासाचं बिल्ड लावायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. त्या वेळात कॉम्प्युटर बंद आणि बॅटरी बाबांची. आम्ही भिकार-सावकार खेळायचो. दोघांत खेळायचा, कधी न संपणारा, डोकं न लागणारा पत्त्यांचा खेळ. बाबा नळी लावलेल्या नाकाने फुरफुरत हसायचे आणि राजरोस लबाडी करायचे. पकडलं की म्हणायचे, "आजारी माणसाला येवढी सूट पाहिजे गो."

पण काम मागे पडत होतं. साहेब भला माणूस, तरी फोनवर त्यांचा आवाज दर आठवड्याला थोडा थोडा गार होत गेला. एकदा घाईच्या कामात मी नियम मोडला. लाईट गेलेली असताना बिल्ड लावलं आणि बाबांचं मशीनही चालू होतं. बिल्ड संपत आलं असताना इन्व्हर्टरने मान टाकली. सगळं बंद. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला तेव्हा अर्धवट लिहिल्या गेलेल्या फायली खराब झालेल्या, आणि त्यात माझं त्या दिवसाचं सगळं काम गेलेलं. मी कीबोर्ड आपटला, वीज मंडळाला शिव्या घातल्या, मग स्टुलावर बसून मोठ्याने रडले. बाबा आतल्या दारात उभे होते. नळी काढून, भिंतीला धरून. मी त्यांच्यावर खेकसले, "उठलात कशाला? आधी आत जाऊन पडा."

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे दुसरी बॅटरी. इन्व्हर्टरवाला मुरबाडचा. किन्हवलीमार्गे मोटरसायकलवर यायचा. त्याने मोठा इन्व्हर्टर आणि जोडीला दुसरी बॅटरी बसवली. बाबा खाटेवरून त्याचं काम बारकाईने पाहत होते.

"मोटर उठताना करंट मारते त्याचा काय?" त्यांनी विचारलं.

"बाबा, ही मोटर नाय, कॉम्प्युटर हाय. दोनी एकदम चालू द्या. लाईट येईपर्यंत काय घाबरू नका."

बाबांनी मान हलवली. ती मान मी लहानपणापासून ओळखत होते. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून हलवायची मान होती ती. तरी त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं.

इथे भातसानगरचं सांगायला हवं. नव्वदच्या दशकात मी शाळकरी होते आणि आम्ही धरणाच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. पावसाळ्यात बाहेरची लाईट गेली की धरणाचा डिझेल जनरेटर चालू व्हायचा आणि क्वार्टर्सनाही त्याच्यावर दिवे मिळायचे. पण गेट उचलायचं असलं की आधी आमचे दिवे जायचे. गेटची मोटर उठताना एवढी ओढ घेते की जनरेटर दबून बंद पडू शकतो, आणि मोटर अर्ध्यात बसली तर जळते. म्हणून आधी बाकीचं सगळं लोड उतरवायचं, मग मोटर उठवायची, गेट झालं की पुन्हा दिवे द्यायचे. तो खटका ओढणारा माणूस म्हणजे माझे बाबा. ताटावर बसलेलो असताना अंधार झाला की आई म्हणायची, "तुझे बाबा गेट उचलतायत." आम्ही अंधारात घास चाचपडत जेवायचो आणि मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

दुसरी गोष्ट केली ती बिल्डची. मी त्याच्या मागेच लागले. बिल्ड कसं व्हावं हे सांगणारी एक फाईल असते. आमची फाईल माझ्याआधी चार-पाच जणांनी हाताळलेली. प्रत्येकाने आपली एकेक पायरी घातली होती आणि काढली कुणीच नव्हती. पहिलीच पायरी अशी की आधीचं तयार झालेलं सगळं पुसून टाका. कशासाठी? कुणाला तरी कधीतरी शंका आली होती म्हणून. मी ती काढली. जी फाईल बदलली तीच आणि तिच्यावर अवलंबून असलेल्याच पुन्हा करायच्या, बाकीच्यांना हात लावायचा नाही, असं बसवलं. दर वेळी फोनच्या लाईनवरून उतरवून घेतले जाणारे तयार भाग एकदाच आणून कॉम्प्युटरवर ठेवले. मदतीची पानं तयार करणं, सगळं गाठोडं बांधणं, या पायऱ्या रोजच्या कामातून काढून आठवड्याच्या बिल्डमध्ये टाकल्या. व्हायरस शोधणारा प्रोग्राम जन्माला येणारी प्रत्येक फाईल उचलून बघत होता. त्याला या फोल्डरपुरतं गप्प बसवलं. मध्ये काही दिवस बदल केलेला असूनही जुनंच चालतंय असं व्हायचं आणि मी डोक्याला हात लावून बसायचे. मग कोण कुणावर अवलंबून ते मी एकेक तपासून नीट लिहून काढलं. हे सगळं लाईट असतानाच्या वेळात, रोजचं काम सांभाळून. पाऊण तासाचा अर्धा तास झाला, मग दहा मिनिटं. शेवटी एका दुपारी बिल्ड दोन मिनिटांत संपलं.

मी धावत आत गेले. "बाबा, दोन मिनिटं! पाऊण तासाचं दोन मिनिटांत!"

"दोनच?" बाबा उठून बसले. "नक्की दोन?"

"दोन म्हणजे दोन."

"मग झाला काम," म्हणाले, आणि इतके खूश झाले की मला नवल वाटलं. मला वाटलं, माझ्या बापाला माझं काम कळायला लागलं.

आता लाईट नसतानाही मी काम करू लागले. दोन बॅटऱ्या, दोन मिनिटांचं बिल्ड, अडचणच नव्हती. आधी पाऊण तास जायचा म्हणून मी दहा बदल साठवून एकदम बिल्ड करायचे. आता एक ओळ बदलली की बिल्ड. शंका आली की बिल्ड. हात सवयीने त्याच बटणावर जायचा. बिल्ड सुरू झालं की कॉम्प्युटरचा पंखा एकदम चढायचा, इन्व्हर्टरची गुणगुण जाड व्हायची, बाबांच्या मशीनची घरघर त्यात बुडून जायची आणि आतून कुठूनतरी बारीक खट असा आवाज यायचा. बिल्ड संपलं की पुन्हा खट. मी समजत होते, इन्व्हर्टरच्या पोटात काहीतरी पडतंय-उठतंय. साहेबांचा आवाज पुन्हा ऊबदार झाला. भिकार-सावकारचे पत्ते फळीवर पडून राहिले.

बाबा संध्याकाळी न चुकता विचारायचे, "किती टाइम लागला गो आज? दोनच ना तुझ्या मोटरला?"

"दोनच."

एकदा म्हटलं, "आज एक बिल्ड चार मिनिटं चाललं." तर त्यांचा चेहरा उतरला. मी चिडवलं, "तुम्हाला काय एवढं? तुम्ही काय साहेब माझे?" ते हसले नाहीत.

पावसाळा सरला आणि बाबांची तब्येत ढासळत गेली. पाय सुजायला लागले. नखं निळसर दिसू लागली. सकाळी बरे असायचे, दुपारनंतर बोलताना शब्द तुटायचे. कल्याणला नेलं. डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन पुरेसा जात नाहीये, हृदयावर ताण आलाय. मशीन किती तास लावता? मी म्हटलं, दिवसभर चालू असतं, रात्रभर चालू असतं, आणखी किती लावू? माझा स्वर चढला होता. बाबा शेजारच्या खुर्चीत आपल्या नखांकडे बघत होते. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या.

आमच्याकडे स्वयंपाकाला एक मावशी यायच्या. मूळच्या डोळखांबकडच्या एका पाड्यावरच्या. त्या आत चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, बाबांच्या खाटेसमोरच असायच्या. मी तेवढा वेळ पुढच्या खोलीत. कल्याणहून आल्यावर चार दिवसांनी त्या भाकरी थापता थापता सहज म्हणाल्या, "ताई, त्या डॉक्टरला सांगितलाव का, बाबा मशीन मधी मधी बंद ठेवतात म्हणून?"

"कोण बंद ठेवतं?"

"बाबाच. तुमचा पंखा मोठ्यानं वाजाया लागला का हात लांब करून बटण बंद करतात. पंखा थांबला का चालू. मला वाटला तुमीच सांगितला असंल."

लाईट गेलेलीच होती. मी पुढच्या खोलीत गेले आणि काही बदल नसताना बिल्डचं बटण दाबलं. पंखा चढला. खट. मी आतल्या दारात जाऊन उभी राहिले. बाबा भिंतीला टेकून बसले होते. डोळे मिटलेले, तोंड उघडं, खांदे श्वासाबरोबर वर खाली. मशीनचा हिरवा दिवा विझलेला. एक हात बटणावर ठेवलेला होता, पुन्हा चालू करायला तयार. पंखा उतरला. खट. मशीन धापा टाकत सुरू झालं आणि बाबांनी डोळे उघडले तर समोर मी.

मी ओरडले. आजारी माणसावर ओरडू नये तेवढं ओरडले. "दुसरी बॅटरी कशाला आणली? तो मुरबाडवाला तुमच्या समोर सांगून गेला ना! मरायचंय का तुम्हाला?"

बाबा श्वास सावरत म्हणाले, "तेवा बंद पडला नं. रडलीस तू. मोटर उठते तेवा बाकीचा लोड उतरवायचा असतो. अर्ध्यात बसली का जळते, बाय." मग समजूत घातल्यासारखे म्हणाले, "पाऊण तास मला जमला नसता. दोन मिनिटं काय, कोनाला पण जमतात."

म्हणजे रोज संध्याकाळी किती टाइम लागला ते ते यासाठी विचारत होते. मला वाटत होतं, त्यांना माझ्या कामाचं कौतुक आहे, आणि ते आपल्या वाट्याला आलेला अंधार मोजत होते.

मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं ते त्याहून वाईट होतं. हे मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की पहिली काही मिनिटं त्यातून जवळजवळ साधी हवाच येते. ऑक्सिजन साठायला वेळ लागतो. बाबांना वाटत होतं, दोन मिनिटं गेली, आता मिळतोय. तो मिळायला लागायच्या आत माझं पुढचं बिल्ड लागलेलं असायचं. माझं काम दर वेळी पहिल्यापासून सुरू होऊ नये म्हणून मी महिनाभर जिवाचं रान केलं होतं, आणि भिंतीपलीकडे त्यांचं मशीन दर वेळी पहिल्यापासून सुरू होत होतं. लाईट नसण्याचे रोजचे सगळे तास त्यांनी नळी नाकात घालून रिकामेच काढले होते.

बाबांनी शपथ घेतली. "नाय करनार गो आता." पंखा चढला की पुन्हा खट. विचारलं तर म्हणायचे, हात आपोआप गेला. त्यांचं खोटंही नसेल. आयुष्यभर त्या हाताने तेच केलं होतं. मी बटणावर चिकटपट्टी लावली तर त्यांनी प्लग काढला. मुरबाडवाल्याला पुन्हा बोलावलं. त्याने दोन्ही यंत्रं लावून इन्व्हर्टरवरचा लोडचा आकडा दाखवला. बाबांनी तीच मान हलवली. मला इतका संताप आला की मी अंगणात जाऊन उभी राहिले. माणूस जिवापेक्षा नियम मोठा धरतो तेव्हा त्याच्या पाया पडावं की त्याला हलवून जागं करावं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

मग मी ती फाईल उघडली आणि बिल्ड पुन्हा हळू केलं. काढलेली प्रत्येक पायरी परत घातली. आधी सगळं पुसा, मग सगळं पहिल्यापासून करा, तपासा, बांधा. नुसतं लाईट नसताना बिल्ड करणार नाही असं ठरवूनही भागलं असतं, असं कुणी म्हणेल. पण बटण जवळ असलं की हात जातो, हे त्या घरात आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. संध्याकाळी बाबांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, "पाऊण तास. बिघडलं ते. आता लाईट असतानाच लावणार."

"अरेरे," म्हणाले. खरंच वाईट वाटलं त्यांना. "येवढी मेहनत केली होतीस."

लाईट गेली की कॉम्प्युटर बंद, पत्ते फळीवरून खाली. पंखा चढत नव्हता म्हणून त्यांचा हात बटणाकडे जात नव्हता. पायांची सूज थोडी उतरली. साहेबांनी फोनवर विचारलं, मध्ये छान चाललं होतं, आता काय झालं? मी म्हटलं, लोडशेडिंग.

असे काही आठवडे मिळाले. मग एका सकाळी, लाईट व्यवस्थित असताना, मशीन चालू असताना, बाबा चहाचा कप हातात असतानाच गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलं होतं, कधीतरी होणारच होतं. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. मला बरं वाटलं नाही.

मशीन भाड्याचं होतं, ते लोक येऊन घेऊन गेले. तेराव्यानंतर मी कामाला बसले. साहेबांनी घाई केली नाही, पण काम साठलं होतं. मी जपून ठेवलेली वेगवान फाईल काढली आणि जागेवर ठेवली. दुपारी ठरल्या वेळी लाईट गेली. इन्व्हर्टर टूं करून चालू झाला. एक ओळ बदलली आणि बटण दाबलं. पंखा चढला. गुणगुण जाड झाली. मी आतल्या खोलीकडे कान देऊन बसले होते, हे मला बिल्ड संपल्यावर कळलं.

दोन मिनिटं. मावशी आत भांडी घासत होत्या. त्यांचेही हात थांबलेले होते.

लाईट संध्याकाळी आली तेव्हा इन्व्हर्टरवर बॅटरी जवळजवळ भरलेलीच दाखवत होती. एवढ्या बॅटरीचं मला काही करायचं नव्हतं.